अकरा नंबर, कायमचा थांबा

कुताइसीच्या डेपोने ट्रॉलीबस विकायला काढल्या,
तेव्हा त्सिउरीने अकरा नंबरची घेतली.
किलोवर देत होते, मटणासारखी.
बावीस वर्षं हिनेच चालवलेली,
पण काट्यावर चढताना ओळख दाखवली नाही.
दोघींनीही.

क्रेनने अंगणात उतरवली, जर्दाळूची फांदी मोडून.
चाकं काढली, खाली विटा.
नुगझार म्हणाला, "आता कुठे हिने बूड टेकलं."
बायकोबद्दल की बसबद्दल,
ते मी कुंपणापलीकडून विचारलं नाही.

पुढच्या अर्ध्यात दुकान : सुलुगुनी चीज, मक्याचं पीठ, काड्यापेट्या.
मागच्या अर्ध्यात पलंग, शेगडी,
आणि 'वृद्धांसाठी राखीव' सीटवर
मांजर. वय वर्षं दोन.
गिऱ्हाइकाने थांब्याची घंटा दाबायची,
की त्सिउरी आतून ओरडते,
"उतरणाऱ्यांनी पुढे या!"
सवय.

मग नगरपालिकेचा झाउरी आला, बगलेत फाइल.
घर म्हणावं तर पाया नाही,
वाहन म्हणावं तर चाक नाही.
कर कोणत्या रकान्यात लावू?
तिने त्याला चीज दिलं, चाचा दिली एक पेला,
आणखी एक.
त्याने रकाना रिकामा ठेवला, पत्ता मात्र लिहून दिला :
अकरा नंबर, कायमचा थांबा.
आता बारीहून लेकीची पत्रं बरोब्बर येतात.
तिकडे ती एका म्हातारीला न्हाऊमाखू घालते;
लिहिते, आई, माझी खिडकीची जागा धरून ठेव.

छतावर ते दोन लांब दांडे अजून आहेत,
तारेवरून वीज उतरवायचे, ते.
त्यांवर वेल चढवली.
पहिलं वर्ष नुसती पानं,
दुसऱ्या वर्षी द्राक्षं, इतकी आंबट की मांजरसुद्धा फिरकेना.
यंदा लागली. घडांच्या भाराने दांडे
पार वाकले, दुकानाच्या दारापर्यंत.

काल तोडणी झाली. मीही गेलो होतो, टोपली घेऊन.
शेवटचा घड कापला
आणि दांडे उठले. हळूहळू. कुरकुरत.
बुडातली स्प्रिंग जिवंत आहे अजून.
वर, आणखी वर,
डावीकडे जरा, उजवीकडे जरा,
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसे.
तारा केव्हाच गेल्या. तांबं होतं.

नुगझार हसला. त्सिउरी नाही हसली.
शिडी लावून वर गेली, दोरी ओढली,
दोन्ही दांडे आकड्यात अडकवले,
रोज रात्री डेपोत अडकवायची तसे,
आणि खाली उतरून
माझ्या टोपलीतली अर्धी द्राक्षं
परत काढून घेतली.