कापायला उरलेलं लोखंड

सुआमेच्या गल्लीतली माती काळी आहे.
इतकं तेल प्यालीय ती
की बादली उपडी केली तरी पाणी वरच थांबतं,
आत येऊ का, असं विचारत.

इंजिनं एकावर एक रचलेली.
रॉटरडॅमहून, हॅम्बुर्गहून पेटाऱ्यांत बसून आलेली.
काहींच्या पोटाला अजून तिकडचं मीठ आहे,
बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात म्हणे.
बर्फ मी पाहिलेला नाही.
त्याचा गंज पाहिलाय.

आंटी सेरवाला एक हवं होतं,
भावाच्या बसला बसेल असं.
भाऊ जाऊन दोन वर्षं झाली.
बस दारात उभी आहे,
बॉनेटखाली कोंबडी अंडी घालते.

बोआतेंगने आम्हाला थेट निळ्यापाशी नेलं.
कालच रंगवलेलं, बोल्टांच्या डोक्यांवरही रंग,
फळीवर नवरदेवासारखं बसवलेलं.
"फिरवून बघ पोरा, लोण्यासारखं फिरतं."
मी फिरवलं.
लोण्यासारखं फिरलं.
मला वाटलं झालं काम, आता भाव करायचा
आणि मग केंके आणि तळलेला मासा.

आंटी गप्प.
तेलाचं झाकण उघडून तिनं आत बोट घातलं,
नाकाशी नेलं, कापडाला पुसलं.
"हेड उतरव."
बोआतेंग कुरकुरला, पण उतरवलं.
बोल्ट निमूटपणे सुटले,
सवय असल्यासारखे.

पिस्टनच्या माथ्यावर आकडा होता,
गोंदल्यासारखा बारीक. एक मिलिमीटर.
"दोनदा कापलंय याला," ती म्हणाली.
"भिंत पापडाएवढी राहिलीय.
आता यात मी काय दुरुस्त करायचं? रंग?"

आणि ती मागे गेली,
जिथे गिऱ्हाईक जात नाही.

गोणपाट उचललं तर नारिंगी डोक्याचा सरडा पळाला.
खाली एक होतं. गंजकं, एक पाय तुटलेलं,
कानाकोपऱ्यात कुठल्यातरी थंड देशाची सुकी पानं.
मी फिरवायला गेलो. फिरेना.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती स्पॅनरने ब्लॉकवर टिचक्या मारत होती,
कान टेकवून, मडकं घेताना घेतात तशी.
टण्ण. टण्ण.
बराच वेळ नुसतं टण्ण.

याचे बोल्ट सुटताना किंचाळले.
गल्लीतली माणसं वळून बघायला लागली.
"पहिल्यांदाच सुटतायत," आंटी म्हणाली,
आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

हेडला तडा होता. केसाएवढा, दोन व्हॉल्व्हच्या मधे.
बोआतेंगने पायाने हळूच ते बाजूला सरकवलं.
"दिसलं मला," ती म्हणाली. "त्याचे पैसे धरू नकोस.
हेड दुसरं मिळतं."
पिस्टनवर आकडा नव्हता.
सिलिंडरच्या काठाशी तिचं नख अडलं,
माझं बोट धरून तिनं माझंही नख अडकवलं.
पायरी होती.
इतकी वर्षं पिस्टन वर यायचा आणि इथूनच परत फिरायचा,
जिथे तो पोचला नाही
तिथलं लोखंड तसंच राहिलं होतं.

"झिजलंय ना?" मी म्हणालो.
"झिजलंयच. चार लाख किलोमीटर झिजलंय.
पण याला अजून कुणी दुखावलेलं नाही,
फक्त वापरलंय.
कापायला लोखंड शिल्लक आहे."

भाव करायला अर्धा तास गेला.
बोआतेंगने आईची शपथ घेतली,
आंटीने त्याच्या आईची चौकशी केली,
शंभर सेडी आणखी उतरले.

ढकलगाडीवर मी मागून रेटत होतो.
बंद पडलेलं इंजिन फार जड असतं,
चालू इंजिनाला वजन असतं हे कुणाला आठवतं?
चढावर ती थांबली. पदराने नव्हे, पालथ्या हाताने घाम पुसला,
कपाळावर काळा पट्टा उमटला.

वाटलं, आता भावाबद्दल काही बोलेल.

"घरी गेल्यावर आधी," ती म्हणाली,
"त्या कोंबडीला दुसरी जागा बघ."