चादरीचा चौथा कोपरा

लिस्बनच्या विमानतळावर, सव्वीस नंबरच्या दारापाशी
पाच तास.
एकतीस वर्षं मी बारैरोच्या फेरीबोटींची इंजिनं सांभाळली,
माणसं वेळेवर पलीकडे पोचवली,
आणि आता माझाच पैलतीर
फलकावर दर वीस मिनिटांनी पुढे सरकतोय.

दोमितिलिया बसेना.
आधी तिने स्वतःच्या खुर्चीवरचे बिस्किटाचे कण झाडले,
मग शेजारच्या खुर्चीवरचे,
मग एका झोपलेल्या जर्मन पोराचं घसरलेलं जाकीट
त्याला नीट पांघरून आली.
म्हटलं, अगं, सुट्टीवर आहोत आपण.
म्हणाली, विमान तर सुटू दे आधी.

साल बेटावरचा वारा रिकामटेकडा,
येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी मागतो.
रिसॉर्टवाल्यांनी मनगटाला निळा पट्टा बांधला.
दाखवला की कलिंगड, दाखवला की बिअर,
दाखवला की कुणीतरी हसतं.
ती तो बाहीखाली सारायची.

पलंग केवढा!
आमच्या घरच्या पलंगाला मधोमध एक खळगा आहे,
त्यात आम्ही दोघं रोज आपसूक घरंगळतो;
त्या रात्री मला त्याची फार आठवण झाली.
ती तिकडच्या काठाला, मी इकडच्या,
मधे पांढरीशुभ्र खाडी,
आणि बोट नाही.

सकाळी दार वाजलं. विशीतली पोरगी,
छातीवर नावाची पट्टी, एदमिल्सा.
एकटीने असला पलंग घालायचा म्हणजे
चार कोपऱ्यांची प्रदक्षिणा,
आणि त्या दिवशी तिच्या वाट्याला असे अठरा देव.
दोमितिलिया बघत होती. एक कोपरा. दुसरा.
तिसऱ्याला पोरीने कमरेवर हात ठेवला, क्षणभरच,
आणि माझी बायको उठली.

अठ्ठावीस वर्षं हॉटेलांच्या खोल्या आवरलेली बाई.
ते काम मी कधी पाहिलंच नव्हतं.
पाहणार कसा, मी बोटीवर.
मला भेटायची ती तिची पाठ, रात्री, बाम लावायला.
आता चौथा कोपरा तिने असा दुमडला, असा आत सारला,
पाकीट बंद करावं तसा,
न बघता, पोरीशी बोलता बोलता.
मी बाल्कनीत, हातात कॉफी.
टाळ्या वाजवाव्यात की मान खाली घालावी, कळेना.

मग रोज तेच. नऊला टकटक,
दोघी, चादर, चादरीखाली फुगलेली हवा.
समुद्रावर मी एकटाच जायचो
आणि परत यायचो बातम्या ऐकायला.
पोरीची आई अमादोरात असते.
रात्रीची ऑफिसांच्या फरशा पुसते.
चार वर्षं भेट नाही, धाकटा भाऊ तिला फोनवरच ओळखतो.
पोरगी टॉवेलचा हंस करायची, त्याची मान लवंडायची.
दोमितिलियाने तिला हत्ती शिकवला.
सोंड झकास झाली. कान एकच.

परतीला विमान जेमतेम चाळीस मिनिटं उशिरा,
तेवढ्यात ती बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं टाकून.
पायाशी एक खोका, दोरीने तीनदा आवळलेला.
आत पपईचा मुरांबा, भाजलेल्या मक्याचं पीठ,
आणि एका शाळकरी मुलाचे सहा फोटो,
सगळ्यांत तो डोळे मिटलेला.

घरी नाही गेलो. बॅगांसकट
थेट अमादोरा, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
रबरी मोजे काढता काढता बाईने दार उघडलं.
खोका घेतला. हुंगला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग रीत म्हणून विचारलं, कशी झाली सुट्टी?

दोमितिलियाने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याकडे.
पलंग छान होता, ती म्हणाली.
तुमची लेक कोपरे घट्ट घालते.
चौथा जरा सैल.
शिकेल.