मशीन शून्य टाकतं

सोहार. पाचवी ब. तास संपायला चार मिनिटं.
एसीच्या घरघरीवर आवाज चढवून मी म्हणते,
"चिठ्ठी काढा. नाव नको, गुणही नाहीत.
०.७५ मोठा की ०.१२५? आणि का, तेही लिहा."

घरी, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये
चिठ्ठ्या मांडते टेबलावर, पत्त्यांसारख्या.
एकतीस पोरं. बावीस जणांना १२५च मोठा.
दोन आठवडे मी शिकवत होते, ती माना डोलावत होती,
आणि मी त्या मानांवर विसंबले.

लाल पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.
एका चिठ्ठीवर, तिरप्या अक्षरात:
"१२५ बैशांत लबन येतं. ७५मध्ये नाही येत."

ही चूक कुठली? हे तर दुकान.
गल्लीच्या तोंडाशी रोज मुठीत नाणी घेऊन
कमावलेलं गणित,
माझ्या फळ्यापेक्षा पक्कं.

सकाळी धडा पुढे नेलाच नाही.
पर्समधली पावती फळ्याला चिकटवली:
खुबूस, दही, कोथिंबीर. एकूण ०.७५०.
बराच वेळ नुसता एसी.
मग मागच्या बाकावरून शिफाना,
एरवी हजेरीलाही हातच वर करणारी:
"मिस, मशीन जागा रिकामी ठेवत नाही.
शून्य टाकतं."
कुणीतरी "ओऽह" म्हणालं.
बहुतेक मीच.

आज परत चिठ्ठ्या. पाच अजून चुकलेल्या.
एक कोरी, फक्त मधोमध
खोडून खोडून कागद फाटलाय.

तीच वर ठेवते.
उद्याचा तास तिथून.