साय ढवळायची नाही

लेअरच्या धक्क्यामागे, ओक्कोच्या पोटमाळ्यावर
आम्ही चौघं. खाली त्याची आई चहा ओतत होती:
आधी खडीसाखरेचा खडा, मग त्यावर कढत चहा.
तो तडकल्याचा आवाज आल्याशिवाय
इथं कुणी पेल्याला हात लावत नाही.
शेवटी साय, कडेकडेनं.
साय ढवळायची नाही.
ढवळणारा बाहेरगावचा, असं ती म्हणते.

ओक्कोची बहीण त्यार्डा तीन वर्षं
बांधापलीकडच्या विटांच्या घरात.
शांत सदन, पाटीवर लिहिलंय.
पगार तिथं जमा होतात, पत्रं तिथं फोडली जातात.
आईच्या साठीला ती आली नाही,
आलं एक छापील कार्ड:
सदस्य क्रमांक दोनशे चौदा आपल्याला क्षमा करीत आहे.
आईनं ते चहाच्या डब्याखाली ठेवलं.
अजून तिथंच आहे.

वाट मीच शोधली. खोटं कशाला बोलू.
जुनाट सर्व्हर, आणि परवलीचा शब्द
म्हणजे गुरुजींच्या कुत्र्याचं नाव, पुढं त्याचं जन्मवर्ष.
अकरा मिनिटं लागली.
हसून हसून एनोचा श्वास कोंडला,
कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडली.

आत हिशेब होते. पोर्तुगालमधलं घर, दोन घोडे,
म्हाताऱ्यांनी सही करून दिलेली शेतं.
आणि एका फोल्डरमध्ये
सोळाशे आवाज.
कबुल्या. दर गुरुवारी, बंद खोलीत,
एका टेबलासमोर बसून दिलेल्या.

ओक्को म्हणाला, सगळंच सोडू.
निवडत बसलो तर आपणही गुरुजीच.
मी म्हणाले,
हिशेब त्यांचे आहेत, आवाज त्यांचे नाहीत.

असं म्हणाले का मी?
नाही. हे नंतर सुचलं, सायकलवर, वारा समोरून असताना.
तेव्हा मी फक्त "हं" म्हणाले.
त्या "हं"चं वजन अजून करते आहे,
काटा स्थिर होत नाही.

ओक्कोचे वडील पाण्याच्या दारांवर कामाला होते.
दार उघडायच्या आधी ते बांधावरून चालत जायचे,
खालच्या कुरणात कुणाच्या मेंढ्या राहिल्यात का बघायला.
रोज. पावसातसुद्धा.
हे ओक्कोनंच मला सांगितलं होतं कधीतरी.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
आमच्याकडं ओलंच आधी पेटलं.
गुरुजी पांढऱ्या कोटात दारात आले,
कॅमेऱ्यांकडे बघून म्हणाले, पाहा, आमचा छळ.
वीस वर्षं ते ज्या शत्रूची भाकितं करत होते
तो आम्ही त्यांना घरपोच दिला.

हेही लिहायला हवं, की करखात्यानं धाड घातली,
की दोन कुटुंबं बाहेर पडली,
एका म्हाताऱ्याला त्याचं शेत परत मिळालं
आणि त्यानं ओक्कोला घट्ट मिठी मारली, भर बाजारात.
हे खोटं नाही. हेही तराजूत आहे.

आवाज क्रमांक आठशे तीन: फ्राउके, बेकरीवाली.
आईच्या आजारपणात, फेब्रुवारीत,
रात्री उशाची घंटी वाजली दोनदा.
ऐकली मी, ती म्हणते. जागीच होते.
उठले नाही.
पुढं बराच वेळ नुसती खुर्ची करकरते.

त्या आठवड्यात तिच्या दुकानात कुणी पोरगा शिरला,
काउंटरवरची घंटी वाजवली, दोनदा,
आणि पाव न घेता निघून गेला.
मग दुसरा.

त्यार्डा आली नाही. फोन आला तिचा, एकच.
"ओक्को, माझाही आवाज होता त्यात. ऐकलास?"
त्यानं ऐकला होता. म्हणाला, नाही.
तिनं ठेवला.

मी आता दर शनिवारी फ्राउकेकडून राईचा पाव घेते.
तिला माहीत नाही मी कोण.
माहीत असेलही.
ती आत भट्टीपाशी असते, पीठ झटकत,
काउंटरवर घंटी तशीच आहे, पितळी, पुसलेली.
मी वाजवत नाही.
उभी राहते, ती वळून बघेपर्यंत.