सव्वानऊचं

चैत्रापासून ते आमच्यावरून जायला लागलं.
कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.
म्हसरूळला माझी पेट्या जुळवायची खोली आहे,
दीड खणाची, वर पत्रा.
सकाळी सव्वानऊला, पत्ती कानाशी धरलेली असताना
आधी पत्रा थरथरतो,
मग डबीतले स्क्रू,
मग ज्याचा भाता मी उघडून ठेवलाय
ती पेटी आपली आपणच पुटपुटते.

काळी दोनच्या जरासं खाली.
जरासंच, हेच वाईट.
साफ बेसूर असतं तर कानाने झाडून टाकलं असतं,
ढोल झाडतो, बोअरची गाडी झाडतो, तसं.
हे मात्र जवळ येऊन बसतं.

पत्ती टोकाला घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो,
चाळीस वर्षं एवढंच मला कळतं.
वैशाखात मखमलाबादच्या भजनी मंडळाने पेटी परत आणली.
गायधनी बुवा काही बोलले नाहीत,
नुसतं एक बोट दाबून धरलं.
मी विमानाला सूर लावून दिला होता.

मग ओझरला गेलो. दोन बस बदलून.
पोरगा चांगला होता, पाणी दिलं,
पडद्यावर रेषा दाखवली,
आधी अशी होती काका, आता अशी.
चार मिनिटं वाचतात.
त्याचं बोट सरकलं असेल दोन इंच.
मी बोटाखाली बघत होतो,
तिथे आमचा मारुती, शाळा, खैरनारांची बाळंतीण,
काहीच दिसत नव्हतं, नुसता हिरवा रंग.
आणि आधी कुठून जायचं?
सुकेण्यावरून, तो म्हणाला.

सुकेण्याला माझी बहीण असते.

चार वर्षं फोनवर अनसूताई म्हणायची,
थांब हां, जाऊ दे त्याला.
आणि मी इकडे फोन टेबलावर ठेवून
चहाचा घोट घ्यायचो, पेपरचं पान उलटायचो,
मनात म्हणायचो, हिचं आपलं काहीतरी.
एकदाही विचारलं नाही
किती मोठा येतो गं आवाज.

त्या रात्री मीच फोन लावला.
म्हटलं, तुझी सुटका झाली की.
ती म्हणाली, दूध उतू जातंय रोज.
म्हणजे?
अरे, ते गेलं की मी गॅस बंद करायची.
रात्रीचं गेलं की कडी लावायची.
भाऊजी होते तोवर ओट्यावरून वर बघून सांगायचे,
हे हैदराबादचं, हे दिल्लीचं,
खरं की खोटं देव जाणे.
आता आभाळ नुसतंच आहे.
रात्री दोन-दोनदा उठून बघते,
कडी लावली का.

तिला काय सांगावं कळेना.
तुझी शांतता मला दे, माझा गोंगाट तुला,
असं काही आपल्या हातात असतं का?
ज्याच्या हातात आहे
त्याला चार मिनिटं हवी होती.

हल्ली मी नऊ ते साडेनऊ पत्तीला हात लावत नाही.
भाते शिवतो, खिळे सरळ करतो.
परवा त्याच वेळेला तिचा फोन,
सुनेच्या डोहाळेजेवणाचं काहीतरी सांगत होती,
आणि पत्रा थरथरला.
मी म्हटलं, थांब हां, जाऊ दे त्याला.

ती म्हणाली, थांबतेय.
तू फोन बाहेर धर.

खिडकीचे गज गंजलेत, मनगट जेमतेम जातं.
तरी धरला.
वरून ते गेलं, पोट दाखवत, चाकं अजून खालीच,
समोरच्या गच्चीवरची बाई धुणं तसंच हातात घेऊन उभी.
मी हात आत घेतला, फोन कानाला लावला.
बराच वेळ काही नाही.
मग तिकडून एवढंच,
आज सात मिनिटं उशीर केलान.