मित्रासाठी

पायसांदूच्या नदीकाठी औषधांचं दुकान, रात्रपाळी माझी.
दुकान रिकामं होईपर्यंत
उलिसेस एचेवेरी दातांच्या ब्रशांपाशी घुटमळतात,
लाल उचलतात, ठेवतात, तोच पुन्हा उचलतात.
अडतीस वर्षं टगबोटींची इंजिनं उघडली या माणसानं
आणि आज एक वाक्य उघडत नाहीये.

'मित्रासाठी हवी होती,' शेवटी म्हणतात,
'ती गोळी.'

मी हसत नाही.
या गावात माणसांपेक्षा असे मित्र जास्त आहेत.
विचारते, मित्राचं वय? रक्तदाब? वाईन किती?
आणि छातीत कळ आली तर
मित्र जिभेखाली काही ठेवतो का?

त्यांचा हात त्यांना न विचारता
शर्टाच्या खिशावर जातो.
तपकिरी बाटली, नखाहून लहान गोळ्या.
मार्चमध्ये मीच दिलेली.

'मग नाही, डॉन उलिसेस.
ही आणि ती एकत्र आली
की रक्तदाब खाली जातो,
साखळी नसलेल्या नांगरासारखा.'

ते बराच वेळ काचेकडे बघतात.
मग पाकिटातून कागदाची पुडी काढतात.
बाजारातला टोपीवाला पोरगा, सुट्या विकतो.
तीन निळ्या, कडा ओबडधोबड,
ना नाव, ना बॅच नंबर.

'चौथी?'
'काल रात्री.'
इतक्या हळू, की फ्रिजची घरघर मोठी वाटली.
'काही झालं नाही. काहीच नाही.'

यात काय आहे मला माहीत नाही.
त्या पोरालाही नसेल.
म्हणून सांगते : निदान दोन दिवस
जिभेखाली काही ठेवायचं नाही.
दुखलं तर ॲम्ब्युलन्स,
आणि ती आल्यावर पहिलं वाक्य हेच, काय घेतलं, कधी घेतलं.
मित्राला मध्ये न आणता.
गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांपुढेही तेच.
त्यांच्याकडे दुसरा मार्ग असेल. नसेलही.

'घरी कोण असतं?'
'नेलिदा. अलीकडे.'
'तिला माहीत आहे?'
मान हलते. आडवी.
'तिलाही पाठ असू दे. तुम्हाला बोलता आलं नाही तर?'

पुडी काउंटरवरच राहिली.
लाल ब्रशाचे पैसे दिले,
दारापर्यंत गेले, परत आले,
एक हिरवाही घेतला.

बाहेर दिव्याखाली
त्यांचे ओठ हलताना दिसले.
'मी काल रात्री...'
थांबले. घसा खाकरला.
पुन्हा पहिल्यापासून.