एकशे बारा खुर्च्या

फाटकाला खुर्च्या लावल्यात पोरांनी.
पाय बाहेर, पाठ आत,
गजांत अडकवून, एकीवर एक.
एकशे बारा. मी मोजल्यात,
कारण उद्या कोणीतरी मलाच विचारणार
किती मोडल्या म्हणून.
तेवीस.
पण त्या मार्चपासूनच मोडलेल्या होत्या.

तालकाउआनोत जूनचा वारा खाडीवरून येतो
कारखान्यातल्या मासळीच्या भुकटीचा वास घेऊन,
आणि समोर पावाच्या दुकानात रांग बोलत असते.
ओर्तेन्सियाबाई म्हणतात,
ह्यांना अजून शेंबूड पुसता येत नाही
आणि निघालेत मंत्र्याला जाब विचारायला.
औषधवाला म्हणतो, ह्यांच्या मागे कोणीतरी आहे,
पैसे कोण देतं ते बघा.
मागून एकजण, परीक्षा आली ना जवळ!

गेल्या महिन्यात हीच रांग म्हणत होती
आजकालची पोरं फोनमधून मान वर काढत नाहीत.
काढली.
तर आता मान फार ताठ आहे म्हणे.

मीही बोललो होतो, खोटं कशाला सांगू.
पहिल्याच रात्री, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून,
तुमच्या वयात मी बंदरावर पोती उचलत होतो, म्हणालो.
रायेन नावाची मुलगी, सोळा वर्षांची,
केस स्वतःच कापलेले, एका बाजूला जास्त,
तिनं विचारलं, पाठ दुखते का अजून, काका?
मला वाटलं टोमणा मारतेय.
थोड्या वेळानं
गरम पाण्याची पिशवी आणून दिली तिनं.

साधुसंत नाहीत ती.
मुख्याध्यापकांच्या तसबिरीला मिशा काढल्यात,
जिन्यात सिगारेटी ओढतात,
एक काच फुटली, कोणी फोडली ते कोणी सांगत नाही.
बाउतिस्ता रात्री तोंडावर पांघरूण घेऊन रडला,
त्याची आई रोज फाटकाशी येऊन
त्याला नालायक म्हणून जाते
आणि जाताना डबा ठेवून जाते.
मसुराची आमटी पातळ करायची की घट्ट
ह्यावर मतदान झालं. दोनदा.
संडास धुण्याची पाळी भिंतीवर लावलीय,
इथे अठरा वर्षं नोकरी करतोय,
संडास इतके स्वच्छ मी ठेवले नव्हते.

काल काड्यापेटी शोधताना
माझ्या कपाटातली वही तिच्या हाती लागली.
दुरुस्तीची वही.
आठ नंबरचा वर्ग, शेगडी : दुरुस्त झाली.
तारीख. सही.
पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही.
चार वर्षं त्या वर्गात
पोरं हातमोजे घालून गणितं सोडवतात.

ही सही तुमची, काका?
हो.
करायला कोणी सांगितलं?
मी बुटांकडे पाहत राहिलो.
नळाखालच्या बादलीत थेंब पडत होते, तेवढाच आवाज.
मला वाटलं आता ओरडेल, सगळ्यांना बोलावेल,
मी असतो तर बोलावलं असतं.
तिनं वही मिटली, माझ्या हातात दिली.
सभेत वाचायची की नाही
ते तुम्ही ठरवा, म्हणाली
आणि काड्यापेटी घेऊन गेली.

आज सकाळी रांगेत मला सगळ्यांनी घेरलं.
तुम्ही तर आत असता, एलादियो,
सांगा ना, नक्की कोण आहे ह्यांच्या मागे?
आठ नंबरच्या वर्गातली शेगडी, मी म्हणालो.
हसले. म्हातारा थट्टा करतोय.
औषधवाला तेवढा हसला नाही,
माझ्या हातातल्या दोन पिशव्यांकडे बघत होता.
साठ पाव.
पैसे कोण देतं, त्याला हवंच होतं ना कळायला,
त्याच्यासमोरच मोजून दिले.

वही कोटाच्या आत आहे, पोटाशी.
चालताना टोचते.
सभा सहाला.